‘नागरिक’ या शब्दापाशी थांबा: युद्धकाळातला मानवतावादी कायदा शिकणाऱ्यांसाठी

युद्धात सापडलेल्या माणसांना कसं वागवायचं ते सांगणारे १९४९ चे चार जिनिव्हा करार तुम्हाला पाठ असणारच. रणभूमीवरचे जखमी, समुद्रावरचे जखमी, युद्धबंदी आणि चौथा... चौथ्यापुढे काय लिहिता? मराठी शाळेतून आलेली बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं बहुधा ‘नागरिकांचे संरक्षण’ असं लिहितात, आणि तिथून पुढचं सगळं उत्तर घसरतं.

मराठीत ‘नागरिक’ दोन अर्थांनी चालतो. ‘भारताचा नागरिक’ म्हणजे सिटिझन. ‘गोळीबारात दोन नागरिक ठार’ म्हणजे सिव्हिलियन, सैन्यात नसलेला माणूस. कन्नड पेपरातही दोन्हीकडे हाच शब्द, म्हणून भाषा बदलूनही सुटका नाही. चौथ्या कराराचं कलम ४ मात्र राष्ट्रीयत्वावरच उभं आहे. माणूस युद्धातल्या ज्या पक्षाच्या, म्हणजे ज्या देशाच्या, ताब्यात सापडला, त्या पक्षाचा तो नागरिक नसेल, तरच तो ‘संरक्षित व्यक्ती’. म्हणजे स्वतःच्या सरकारच्या ताब्यातला स्वतःचा नागरिक या कलमात येत नाही. त्याच्यासाठी त्याच कराराचा दुसरा भाग बघायचा, कलम १३ ते २६. तो संघर्षातल्या देशांच्या सगळ्या लोकसंख्येला लागू होतो. देशांतर्गत सशस्त्र संघर्ष असेल तर चारही करारांना सामाईक असलेलं कलम ३. एक शब्द सैल सुटला की हे तिन्ही कप्पे एकमेकांत मिसळतात आणि परीक्षकाला ते पहिल्या परिच्छेदातच दिसतं.

म्हणून आजपासून वहीत सिव्हिलियनला ‘नागरी व्यक्ती’ लिहा आणि सिटिझनला ‘देशाचा नागरिक’. नुसतं ‘नागरिक’ कुठेच नको. अभ्यासात याहून जास्त उपयोगी पडणारी दुसरी सवय नाही.

हे पक्कं करायला उत्तम खटला आपल्या शेजारचाच आहे: मोंतेरो विरुद्ध गोवा राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९६९. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. मोंतेरो या पाद्रींनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व ठेवलं, राहण्याचा परवाना संपल्यावर नूतनीकरण केलं नाही, आणि परकीय नागरिक कायद्याखाली खटला झाला. चौथा करार व्याप्त प्रदेशातून, म्हणजे परक्या सैन्याने ताब्यात घेतलेल्या प्रदेशातून, हद्दपार करायला मनाई करतो, असा त्यांचा बचाव होता. न्यायालयाने म्हटलं की गोवा भारतात सामील झाल्यावर व्याप्ती, म्हणजे तो लष्करी ताबा, संपली, त्यामुळे त्या कराराचा आधार मिळत नाही. शिवाय १९६० चा जिनिव्हा करार अधिनियम व्यक्तीला थेट दाद मागण्याचा हक्क देत नाही, तो गंभीर उल्लंघनाला शिक्षा ठरवतो. निकाल सारांशातून वाचू नका, मूळ वाचा. राष्ट्रीयत्व, व्याप्ती आणि भारतीय अधिनियम या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र भेटतात.

दुसरी चूक त्यामानाने लवकर सुटते. भारताने चारही करार १९५० मध्ये स्वीकारले, पण या करारांना जोडलेल्या १९७७ च्या अतिरिक्त प्रोटोकॉलांचा भारत पक्षकार नाही, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं करणाऱ्या रोम संविधीचाही नाही. ‘पहिल्या प्रोटोकॉलच्या कलम ४८ नुसार भारत बांधील आहे’ हे वाक्य चूक. ‘योद्धा आणि नागरी व्यक्ती यांत भेद करण्याचा नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायदा म्हणून बंधनकारक आहे, कलम ४८ मध्ये तो लिखित रूपात आहे’ हे बरोबर. रूढ कायदा म्हणजे देशांच्या वागण्यातून रुजलेला, सही न करताही बांधणारा नियम. घाबरू नका, पाच-सहा वेळा लिहून काढलं की हात वळतो.

आता परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या संस्था. यादी पाठ करणं मला साफ नापसंत आहे. प्रत्येक संस्थेला दोन प्रश्न विचारा: ती कशातून जन्मली, आणि तिच्या हातात परवाना व दंड आहे की पैसा व प्रशिक्षण? नाबार्ड ही शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक गावच्या सोसायटीपर्यंत पोचणाऱ्या कर्जाला पुनर्वित्त देते, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकांना पैसा पुरवते, जिल्हा बँकेची तपासणीही करते, पण बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेकडे. विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या नावातच दोन्ही कामं आहेत. नीती आयोग ना घटनात्मक, ना वैधानिक. तो मंत्रिमंडळाच्या ठरावातून आला, १ जानेवारी २०१५ ला.

युद्धाच्या प्रश्नात हीच चाळणी लावा. २०१९ चा कृष्णेचा पूर चिकोडी-अथणीच्या मुलांच्या डोळ्यांसमोर असतो, म्हणून युद्धातही आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आधी आठवतं. शत्रूच्या हल्ल्यापासून लोकांच्या बचावासाठी मुळात नागरी संरक्षण अधिनियम, १९६८ आहे. रासायनिक शस्त्रांसाठी २००० चा अधिनियम आणि मंत्रिमंडळ सचिवालयाखालचं राष्ट्रीय प्राधिकरण. मानवी हक्क आयोगाकडे सैन्याविरुद्ध तक्रार आली तर मानवी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे आयोग केंद्राकडून अहवाल मागवतो आणि शिफारस करतो, स्वतः चौकशीला उतरत नाही. रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती संयुक्त राष्ट्रांची शाखा नाही, आणि भारतीय रेडक्रॉस सोसायटी १९२० च्या वेगळ्या कायद्याने उभी आहे. या दोघींची गल्लत केलेलं उत्तर वाचवता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पीडीएफ नोट्स सोडा. एकाची चूक चाळीस वह्यांत तशीच उतरते. १९६० चा जिनिव्हा करार अधिनियम वीसेक कलमांचा आहे, दोन संध्याकाळी पेन्सिल घेऊन वाचून होतो. मार्गदर्शक निवडताना त्यांना एवढंच विचारा की त्याच्या कलम १७ खाली तक्रार कोण करू शकतं. ‘कोणीही’ म्हणाले तर दुसरे सर शोधा. तक्रार सरकारने किंवा केंद्राने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानेच करायची असते.

आणि वाचताना कलम १२ व १३ वर आलात की बाजारात एक फेरी मारा. औषध दुकानाच्या पाटीवर, डॉक्टरांच्या गाडीच्या काचेवर पांढऱ्यावर लाल क्रॉस दिसेल. केंद्राच्या परवानगीशिवाय ते चिन्ह वापरायला मनाई आहे. दंड पाचशे रुपयांपर्यंत, आणि चिन्ह लावलेला माल जप्त होऊ शकतो. रणांगणात त्या चिन्हाकडे बघून बंदूक खाली घ्यायची असते, म्हणून शांततेतही ते कुणाच्याही पाटीवर चालत नाही.