गिनीपिगची बाटली आणि बोअरचं पाणी
उन्हाळ्यात आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, इतकं क्षाराचं की गिनीपिगच्या बाटलीच्या नळीतली स्टीलची गोळीच पांढऱ्या थराने अडकली, बिचारी चाटत बसायची आणि थेंब येईना. नळी व्हिनेगरात भिजवून बारीक ब्रशने घासली, मोकळी झाली. आता आम्ही पितो तेच आरओचं देतो, रोज ताजं. गिनीपिगचं जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे जातं, त्यामुळे मुतखड्याचा त्रास कॉमन, म्हणून कमी क्षाराचं पाणी बरं (चाऱ्यातलं कॅल्शियमही बघावं लागतंच म्हणा). व्हिटॅमिन सीचे ड्रॉप्स मात्र पाण्यात नकोच, लवकर निकामी होतात, वर चव बदलली की या बाईसाहेब पाणीच सोडतात, त्यापेक्षा सिमला मिरचीचा तुकडा द्या. आणि बाटली भरली की गोळीला बोट लावून थेंब येतो का बघा.