फोटोच्या बाजूने मजकूर येत नव्हता, असं सुटलं
वेबसाइटच्या टेम्प्लेटमध्ये फोटो डावीकडे घेतला तरी मजकूर बाजूला न येता खालीच जायचा. ब्राउझरमध्ये इन्स्पेक्ट करून कोड पाहिला तर लेखाच्या कंटेनरला (लेख ज्यात बसतो त्या चौकटीला) सीएसएसमध्ये डिस्प्ले फ्लेक्स, म्हणजे आतल्या गोष्टी रांगेत किंवा एकाखाली एक मांडणारी सेटिंग, लावलेलं, आणि फ्लेक्सच्या थेट आतल्या गोष्टींवर फ्लोट (फोटो एका बाजूला नेऊन मजकूर शेजारून जाऊ देणारी सेटिंग) चालतच नाही, कितीही फ्लोट लेफ्ट लिहा. तिथे डिस्प्ले फ्लो-रूट (आतले फ्लोट चौकटीतच सामावणारी सेटिंग) केलं आणि मजकूर लगेच फोटोशेजारी आला, शिवाय फोटो उंच असला तरी खालच्या सेक्शनमध्ये घुसत नाही, हे मला फार आवडलं. कॅप्शन असेल तर फ्लोट पूर्ण फिगरला (फोटो आणि कॅप्शन एकत्र धरणारा टॅग) द्या, मॅक्स-विड्थ 50 टक्के, उजवीकडे 16 पिक्सेल मार्जिन, आतल्या फोटोला मॅक्स-विड्थ 100 टक्के, हाइट ऑटो. स्क्रीनची रुंदी 600 पिक्सेलखाली असेल तर मात्र फ्लोट नन (म्हणजे फ्लोट बंद) आणि फिगरची मॅक्स-विड्थ 100 टक्के कराच, मोबाइलवर दोन-दोन शब्दांच्या ओळी वाचायला खरंच त्रास होतो.