ऑटो मोड सोडायचा तर: रंकाळा, तालीम आणि गुलाल

ऑटो मोड सोडून, म्हणजे सेटिंग स्वतः ठरवून, फोटो काढायला शिकताना नवा कोरा कॅमेरा लागत नाही. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरची जुनी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि तिच्यासोबत येणारी १८-५५ एमएमची किट लेन्स पुरते. सेकंडहँड घेताना दोन गोष्टी दुकानातच तपासा. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोल्हापूरच्या पावसात ती वाढणारच, लेन्स परत द्या. मग एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. फोटोत काळसर ठिपके आले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण किमतीत घासाघीस करायला कारण मिळतं.

पहिला सराव कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर करा, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जाऊन. मोड ए (कॅननवर एव्ही; यात छिद्र आपण ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) १००, एफ/८. आकाश पांढरंफटक येत असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सेटिंग) -१ करा. माणसं काळी होतील, ढगांचा रंग टिकेल. सूर्य गेल्यावर लगेच घरी निघू नका. पुढच्या वीस मिनिटांत आकाश गडद निळं होतं आणि काठावरचे दिवे लागतात. तोवर शटर १/८ सेकंदापर्यंत उतरलेलं असतं आणि फोटो हलू लागतात. ५५ एमएमवर हातात धरून साधारण १/८० च्या खाली जाऊ नये. ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा कठड्यावर टेकवा, खाली रुमालाची घडी द्या आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

खरी परीक्षा कुस्तीच्या तालमीत. उजेड कमी, हालचाल जास्त, त्यात तांबडी माती. आधी वस्तादांची परवानगी घ्या, चपला बाहेर काढा, हौद्यात (कुस्तीच्या मातीत) पाय टाकू नका आणि फ्लॅश बंद ठेवा. इथे किट लेन्स तोकडी पडते. बऱ्याच तालमींत एफ/२, शटर १/२५०, आयएसओ ३२०० इतकं तरी लागतं. किट लेन्स ५५ वर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, म्हणजे त्याच उजेडाला आयएसओ २५६०० हवा. फोटोत दाणेच दाणे दिसतील. म्हणून दुसरी लेन्स घ्यायची तर ५० एमएम एफ/१.८ घ्या. लांब पल्ल्याच्या झूमचा मोह पुढे बघता येईल.

१/२५० ला डाव टाकतानाचा हात पुसट येतो, त्याला १/५०० हवं. पण पकड घट्ट बसली की दोघे मल्ल क्षणभर थांबतात. तो क्षण पकडला तर १/२५० सुद्धा चालतं, आणि चेहऱ्यावरचा ताणही तेव्हाच दिसतो. फोकस एका पॉइंटवर, कंटिन्युअस मोडमध्ये (हलणाऱ्या माणसावर फोकस धरून ठेवणारा), डोळ्यांवर ठेवा.

फोटोत आडवे काळे-उजळ पट्टे आले तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. स्थिर चेहऱ्याला शटर १/१०० ठेवा, पट्टे जातात. वेगवान हालचालीला अँटी-फ्लिकर सेटिंग असेल तर वापरा, नाहीतर सकाळी दाराशेजारच्या उजेडात उभे राहा. ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून रंग आपोआप जुळवणारी सेटिंग) लाल मातीने फसतो. पांढऱ्या कागदावर कस्टम सेट करा आणि रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या, नंतर सुधारता येणाऱ्या फाइलमध्ये) काढा.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत वेगळीच अडचण. गुलालाने लाल चॅनेल (फोटोतला लाल रंगाचा भाग) आधी फुटतो, म्हणजे त्यातले बारकावे जातात, आणि रंगाचा सपाट डाग होतो, तरी साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीकच दिसतो. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा. लाल रेघ उजव्या कडेला आदळत असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -०.७ करा. तिथे लेन्स बदलायची नाही, म्हणजे नाहीच. लेन्सपुढे यूव्ही फिल्टर (काच वाचवणारी साधी काच), बॉडीला प्लॅस्टिकची पिशवी. घरी आल्यावर आधी ब्लोअरने उडवा, मग मऊ ब्रश. थेट कापडाने पुसलं तर काच घासते, ओलं कापड लावलं तर गुलाल फटींत चिकटून बसतो.

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातला स्वर्गमंडप एकदा जरूर करा. छताच्या गोल उघड्या भागातून ऊन खाली येतं आणि भोवतीचे खांब अंधारात राहतात. स्पॉट मीटरिंगने (फक्त एका छोट्या भागाचा उजेड मोजणारी पद्धत) उन्हातल्या दगडावर मोजा, खांबांचा अंधार नंतर रॉमधून थोडा उचलता येतो.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात किंवा चामड्याच्या बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के हवी. जेलचा रंग बदलला की पाकिटावर दिलेल्या पद्धतीने वाळवून परत टाका. भिजून आलात तर बॅटरी आणि कार्ड काढा, बाहेरून पुसा आणि पंख्याखाली पूर्ण सुकल्यावरच डबा बंद करा.