परतीचा स्वीप फेकू नका

दरवर्षी जून-जुलैत मला प्लाझ्मा (आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू) लॅबमध्ये पीएचडीला यायच्या बेतात असलेल्यांचे मेसेज येतात. प्रश्न दोनच असतात: गणित किती लागतं आणि वर्षं किती लागतात. गणित एम.एस्सी.ला जेवढं नीट केलंत तेवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. वर्षांबद्दल मी बोलू नये, माझं पाचवं चालू आहे.

मी ठाण्याला राहते, लॅब नवी मुंबईत. काम इलेक्ट्रिक प्रॉपल्शनचं, म्हणजे विजेच्या जोरावर आयन मागे फेकून उपग्रह ढकलायचं. घरचे लोकांना "रॉकेट बनवते" असं सांगतात आणि मी दुरुस्त करणं सोडून दिलंय. एकदा काकांच्या तळहातावर ए-फोरचे दोन कोरे कागद ठेवले आणि म्हटलं, एसपीटी-१०० नावाचा रशियन हॉल थ्रस्टर (असंच एक इंजिन) इस्त्रीएवढी वीज खातो, १.३५ किलोवॉट, आणि जोर लावतो याहूनही कमी, ८३ मिलिन्यूटन. "मग उपयोग काय त्याचा?" उपयोग असा की हा जोर महिनोन्‌महिने लावत राहता येतो आणि त्याला इंधन फार थोडं लागतं. सोव्हिएत मिटिओर उपग्रहावर १९७१ मध्येच असा थ्रस्टर वर गेला होता. आपल्याकडे २०१७ मध्ये जीसॅट-९ वर इलेक्ट्रिक प्रॉपल्शन गेलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पगार किती?" तर तेही सांगून टाकते: २०२३ पासून जेआरएफला (सुरुवातीची फेलोशिप) महिना ३७,००० आणि एसआरएफला (पुढची फेलोशिप) ४२,०००. मात्र दर महिन्याच्या एक तारखेवर घरभाडं अवलंबून ठेवू नका. माझे एकदा चार महिन्यांचे एकदम आले होते.

आता मुद्द्याचं. तुम्ही यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण लँगम्युअर प्रोबचं एवढं लक्षात ठेवा.

प्रोब म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे असं धरते. टंगस्टनची अर्ध्या मिलिमीटरची तार, अल्युमिनाच्या नळीतून पाच मिलिमीटर बाहेर काढलेली. तिला प्लाझ्मात ठेवून उणे पन्नासपासून अधिक पन्नास व्होल्टपर्यंत न्यायचं आणि करंट मोजायचा; हाच स्वीप. आयनांचा करंट वजा करून उरलेल्याचा लॉग घेतला की मधला भाग सरळ रेघेत येतो, आणि त्या रेघेच्या चढावरून इलेक्ट्रॉनचं तापमान निघतं. चढ जितका कमी, तितकं तापमान जास्त. अर्व्हिंग लँगम्युअरने हे १९२० च्या दशकात बसवलं, 'प्लाझ्मा' हे नावही त्यानेच १९२८ मध्ये दिलं. शंभर वर्षांची जुनी युक्ती आणि पाच मिलिमीटर तार. यात चुकायला आहे काय, असं मलाही वाटलं होतं.

आमच्याकडे आर्गॉनवर चालणारा छोटा प्लाझ्मा सोर्स आहे. थ्रस्टरमध्ये वापरतात तो झेनॉन परवडत नाही. तो हवेत दहा लाखात ०.०९ भागसुद्धा नसतो, त्यामुळे सिलिंडरचं कोटेशन बघितलं की माणूस आपोआप आर्गॉनवर येतो. तर माझं इलेक्ट्रॉन तापमान यायला लागलं ६.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (प्लाझ्मात तापमान याच एककात सांगतात). आमच्या प्रेशरला तीन-साडेतीनची अपेक्षा होती. पण रेघ अशी सुंदर सरळ यायची की शंका घ्यायला मन होईना. उलट मी स्पष्टीकरण रचलं: चुंबकीय क्षेत्रामुळे गरम इलेक्ट्रॉन अडकून राहतात वगैरे. सरांना पटलं, मला तर फारच पटलं. कॉन्फरन्सला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट गेला, पोस्टर छापून झालं.

मग दोन महिन्यांच्या प्रोजेक्टला एक एम.एस्सी.ची मुलगी आली. मी स्वीपचा प्रोग्राम वापरायचे तो लॅबमध्ये माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलेला, पदरात पडलं पवित्र झालं. तिला तो चालवता येईना म्हणून तिने स्वतःचा लिहिला. त्यात व्होल्टेज वर जातानाचा डेटाही साठायचा आणि खाली येतानाचाही. तिने ग्राफ दाखवला, तर एकाऐवजी दोन रेघा. मधल्या भागात दोन्हींत सात व्होल्टचं अंतर.

"ताई, ही दुसरी कुठली?"

"परतीची आहे ती. काढून टाक," मी म्हणाले.

हे लिहायला अजून जड जातं. तिने काढून टाकली, आणि मी पुढचे तीन आठवडे त्याच डेटावर काम करत राहिले. जुन्या प्रोग्रामात परतीचा अर्धा भाग फाइल लहान राहावी म्हणून टाकून दिला जात होता. तो नसता टाकला, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

झालं होतं असं. तारेवर घाणीचा थर बसला होता, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका, चहाच्या डागासारखा तपकिरी. निर्वात चेंबरमधली हवा काढणाऱ्या डिफ्यूजन पंपाच्या तेलाची वाफ उलटी चेंबरमध्ये येते, चेंबर उघडला की दमट हवा आत शिरते, आणि कधीतरी आपण हातमोजा न घालता तार सरळ केलेली असते. हा थर तार आणि प्लाझ्मा यांच्यामध्ये रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडल्यासारखा वागतो. तुम्ही सप्लायवर दहा व्होल्ट वाढवता, पण प्लाझ्मासमोर दहा वाढतच नाहीत, काही थरातच जिरतात. वक्र आडवा ताणला जातो, चढ कमी होतो, तापमान फुगतं. थर चार्ज होऊन बसतो, त्यामुळे परतताना वक्र वेगळ्या वाटेने येतो. म्हणजे माझे गरम इलेक्ट्रॉन प्लाझ्मात नव्हतेच. रेघ सरळ आली म्हणजे उत्तर बरोबर, असं अजिबात नाही. फुगलेली रेघसुद्धा सरळच दिसते.

आता मी दर वेळी तारेला उणे दीडशे व्होल्ट देऊन दहा मिनिटं आर्गॉन आयनांचा मार खाऊ देते. त्यानंतर मिनिटाच्या आत दोन्ही दिशांनी स्वीप घेते आणि दोन्ही रेघा एकावर एक टाकून बघते. जुळल्या तरच रीडिंग वहीत. अर्ध्या तासाने पुन्हा तेच, कारण घाण परत येते. काही जण अधिक व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉनच्या करंटने तार लाल होईपर्यंत तापवतात. तेही चालतं, पण माझं त्यात एकदा मागचं स्पॉट-वेल्ड सुटलं. साफ केल्यावर तापमान आलं ३.४. अगदी पुस्तकातलं, कंटाळवाणं.

सीनियरचा कोड घेऊ नका असं मी म्हणत नाही, सगळेच घेतात. पण एक संपूर्ण दिवस काढून त्यातली ओळ न्‌ ओळ वाचा. आणि गाइड निवडताना नाव किती मोठं आहे याच्यापेक्षा माणूस आठवड्यातून एकदा कच्चा डेटा बघायला बसतो का, हे विचारा. कच्चा; पीपीटी नव्हे. या बाबतीत माझं मत टोकाचं आहे हे मला ठाऊक आहे.

पावसाळ्याचं एक सांगते, नाहीतर उगाच रडत बसाल. मार्चमध्ये तीन तासांत मायनस फाइव्ह मिलिबारला (म्हणजे दहाचा उणे पाचवा घात मिलिबार) जाणारा चेंबर जुलैत रात्र घेतो. भिंतींना चिकटलेली पाण्याची वाफ हळूहळूच सुटते. लीक शोधत सगळ्या ओ-रिंगा (सांध्यांतली रबरी कडी) बदलू नका, मी बदलल्या होत्या. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून प्रेशर कसं वाढतं ते बघा: एकसारखं वाढत राहिलं तर लीक, मंदावत गेलं तर बहुतेक ओल. तुमचा दोष नाही, मुंबईची हवाच तशी.

आणि सप्लाय बंद केल्यावरही अर्थिंग रॉड टेकवल्याशिवाय कुठेही हात लावायचा नाही. तीनशे व्होल्ट डीसी माणूस मारतो. रात्री एकट्याने तर नाहीच, डेडलाइन असली तरी.

तीन आठवड्यांनी मी सरांच्या केबिनमध्ये दोन रेघांचा ग्राफ घेऊन गेले तेव्हा घसा कोरडा पडला होता. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ कागद बघितला.

"किती रीडिंग गेली?"

"सगळी."

"परत घ्यायला?"

"अकरा आठवडे."

"अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मागे घेतल्याचं मी कळवतो. तू गुरुवारपासून लाग, बुधवारी मेंटेनन्सला लाइट जाणार आहे."

अकराचे सतरा झाले, मध्ये पावसाळा आला. आता जो पेपर पाठवलाय त्यावर दुसरं नाव त्या एम.एस्सी.च्या मुलीचं आहे.