कमल पास, सुनीता नापास: पायथनमधला बग नोंदवायचा कसा, दुरुस्त करायचा कसा

आमच्या कळव्याच्या सोसायटीत गेटवर येणाऱ्यांची नोंद मराठीत ठेवायची म्हणून मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, आणि नावाच्या जागी कोणी आकडे-बिकडे टाकू नयेत म्हणून त्यात इजअल्फा ही तपासणी लावली होती, म्हणजे दिलेल्या मजकुरात फक्त अक्षरंच आहेत ना एवढंच बघायचं. पहिल्या दिवशी कमल मावशींची नोंद झाली, मदनची झाली, आणि सुनीता ताईंचं नाव टाकलं की "नाव चुकीचं आहे". वॉचमन काका म्हणाले, अहो यांच्या नावात काय चूक आहे? तासभर डोकं लावल्यावर कळलं की काना, मात्रा, वेलांटी, उकार असलेलं एकही नाव पास होत नाहीये. कमल, मदन, नयन, गणपत सगळे पास. ठाणे नापास, कळवा नापास, ऐरोली नापास.

मला वाटलं पायथनमध्येच मोठा बग, म्हणजे चूक, सापडला, आता जाऊन नोंदवायचा. नोंदवायला गेलो आणि तिथूनच सगळं शिकत गेलो. हल्ली दर महिन्यात दोनतीन जण विचारतात की ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर, काम कसं सुरू करायचं, म्हणून एकदाच नीट लिहितोय. उदाहरणं पायथनचीच देतो कारण मला तेच माहितीये, म्हणजे नेमकं सांगायचं तर सीपायथन, जे आपण सगळे डाउनलोड करतो ते.

सगळ्यात आधी, हा खरंच बग आहे का? इथेच निम्मं काम असतं आणि इथेच लोक घाई करतात. डॉक्युमेंटेशन उघडा आणि त्या फंक्शनबद्दलचं एकूण एक वाक्य वाचा. इजअल्फाच्या खाली स्वच्छ लिहिलंय की युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांमधल्या चिन्हांना नंबर देणाऱ्या स्टँडर्डमध्ये, ज्या चिन्हांना "लेटर" म्हटलंय तीच अक्षरं धरली जातात, आणि युनिकोड ज्याला अल्फाबेटिक म्हणतं त्यापेक्षा हे वेगळं आहे असंही तिथेच दिलंय. आपला काना, आपली वेलांटी युनिकोडच्या हिशोबात लेटर नाहीत, मार्क आहेत. म्हणजे फंक्शन लिहिल्याबरहुकूम वागतंय, बग नाही. मला पटलं का? नाही पटलं, आजही नाही पटत, पण "मला पटत नाही" आणि "बग आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ट्रॅकरवर, म्हणजे बग नोंदवायच्या जागी, दुसरीच चालते. तसंच राउंडला २.५ दिलं की उत्तर २ येतं, ३ नाही, कारण बरोब्बर मधोमध असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे जातो, आणि ०.१ मध्ये ०.२ मिळवले की ०.३ च्या पुढे लांब शेपूट येतं कारण दशांश अपूर्णांक बायनरीत पूर्ण मावत नाहीत. अशा नोंदी वर्षानुवर्षं येतात आणि "नॉट अ बग" म्हणून बंद होतात, त्या बंद करायलाही कोणाचा तरी वेळ जातो.

पण गंमत पुढे आहे. ठाणे हे पायथनमध्ये व्हेरिएबलचं नाव म्हणून चालतं, पायथन ३ बिनतक्रार घेतं. इंट या फंक्शनला देवनागरीत ४००६०१ दिलं तर ते व्यवस्थित संख्या करून देतं. आणि रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस, म्हणजे शब्दात चालणारी सलग चिन्हं, लावून "ठाणे" शोधायला गेलात तर एक शब्द मिळत नाही, ठ आणि ण असे दोन तुकडे हातात येतात! सुनीताचे तीन होतात, स, न, त. हे मात्र युनिकोडच्याच रेग्युलर एक्सप्रेशनच्या स्टँडर्डशी जुळत नाही, तिथे मार्कसुद्धा शब्दाचा भाग धरलेत. मी हे शोधायला गेलो तर २००७ सालीच कोणीतरी नेमकी देवनागरीवरूनच ही तक्रार नोंदवलेली सापडली, शब्दांचे तुकडे पडतात म्हणून. २०११ मध्ये पुन्हा एकदा.

म्हणून दुसरी पायरी, आधी शोधा. पायथनचा ट्रॅकर एप्रिल २०२२ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आला, त्याआधीच्या वेगळ्या ट्रॅकरवरच्या नोंदीही तिकडे आणल्यात, त्यामुळे फक्त ओपन इश्यू, म्हणजे अजून उघड्या असलेल्या नोंदी, बघून थांबू नका, क्लोज झालेले तर नक्की वाचा, कारण का बंद केला याची चर्चा तिथे असते आणि ती चर्चा म्हणजे फुकटची शिकवणी आहे. त्या जुन्या चर्चेतून मला समजलं की बॅकस्लॅश डब्ल्यू बदलणं तांत्रिकदृष्ट्या एकवेळ जमेल, पण जगभरात लाखो प्रोग्रॅम आजच्या वागण्यावर विसंबून आहेत, ते एका रात्रीत वेगळं उत्तर द्यायला लागले तर त्याची जबाबदारी कोण घेणार. हा प्रश्न पायथनच्या प्रत्येक बगच्या चर्चेत कुठे ना कुठे येतोच. वागणं मोडणारा बदल करायचा असेल तर आधी किमान दोन आवृत्त्या वॉर्निंग द्यायची असा त्यांचा लेखी नियम आहे. (तोवर ज्यांना मराठी मजकुरावर काम करायचंय त्यांनी रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल इन्स्टॉल करा, ते ठाणे अख्खं पकडतं. आमच्या गेटच्या प्रोग्रॅममध्ये मी प्रत्येक चिन्हाची युनिकोड कॅटेगरी बघून लेटर आणि मार्क दोन्ही चालतील असं केलं, दोन ओळींत काम झालं.)

समजा शोधलं, सापडलं नाही, डॉक्युमेंटेशनशीही जुळत नाही. मग नोंदवा. नोंद लिहिताना एकच गोष्ट जीव तोडून करा: तुमचा तीनशे ओळींचा प्रोग्रॅम कापत कापत पाच-सहा ओळींवर आणा, ज्या दुसऱ्या कोणीही कॉपी करून चालवल्या की तोच गोंधळ दिसेल. बाहेरची लायब्ररी काढून टाका, फाइल वाचायची असेल तर मजकूर कोडमध्येच लिहा. कापताना अर्ध्या वेळा लक्षात येतं की चूक आपलीच होती, आणि उरलेल्या वेळा बग इतका उघडा पडतो की वाचणाऱ्याला विचारायला काही उरत नाही. मग काय अपेक्षित होतं, काय झालं, पायथनची आवृत्ती कोणती, विंडोज की लिनक्स की मॅक, आणि एरर आली तर पूर्ण ट्रेसबॅक (एरर कुठून कशी आली त्याची यादी) मजकूर म्हणून चिकटवा, स्क्रीनशॉट नको, स्क्रीनशॉट शोधात सापडत नाही. जमलं तर मेन ब्रँचवर, म्हणजे सगळ्यात ताज्या कोडवर, चालवून बघा, कदाचित आधीच दुरुस्त झालेलं असेल.

इंग्रजीची भीती वाटते असं बरेच जण सांगतात. माझं ऐका, छोटी छोटी वाक्यं लिहा. "हा कोड चालवला. हे आलं. हे यायला हवं होतं." बस. तिथे येणाऱ्या कितीतरी जणांची इंग्रजी ही मातृभाषा नाही, पायथन सुरू करणारे खिदो व्हान रॉसम स्वतः नेदरलँड्सचे, तिथे भाषेवरून कोणी कोणाला जोखत नाही, कोड नीट आहे का बघतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. बग सिक्युरिटीचा वाटत असेल, म्हणजे त्याच्या जोरावर कोणी बाहेरून सर्व्हर लोळवू शकेल असं काही, तर तो सार्वजनिक इश्यूत अजिबात टाकायचा नाही, सिक्युरिटी टीमला खासगीत कळवायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये असंच एक प्रकरण बाहेर आलं. प्रचंड लांब आकडा मजकुरातून संख्येत बदलायला पायथनला इतका वेळ लागायचा की त्यातून सर्व्हर अडकवता यायचा, म्हणून ४३०० अंकांची मर्यादा घातली आणि ती चालू आवृत्त्यांमध्येही एकदम आली. गणिताचं काम करणाऱ्यांचे चालते प्रोग्रॅम अडले, ते नाराज झाले, नंतर बरीच चर्चा झाली. दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचा, दोघांचंही बरोबर वाटेल, आणि बग दुरुस्त करणं म्हणजे नुसता कोड बदलणं नाही हे नीट कळेल.

आता स्वतःचा बग नसेल तरी काम करता येतं, उलट नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. कोणाचा तरी नवा इश्यू उघडा, त्यातला कोड आपल्या मशीनवर चालवा आणि लिहा की माझ्याकडे अमुक आवृत्तीवर, अमुक सिस्टिमवर हे होतंय किंवा होत नाहीये. एवढंच. हे काम फार थोडे जण करतात आणि मेंटेनर, म्हणजे पायथन सांभाळणाऱ्या, लोकांचा त्याने खूप वेळ वाचतो. त्याच्या पुढची पायरी गिट बायसेक्ट, म्हणजे जुन्या आवृत्तीत चालत होतं आणि नव्यात बिघडलं असेल तर मधल्या हजारो कमिटमधून (कमिट म्हणजे कोडमधला नोंदवलेला एकेक बदल) अर्धे-अर्धे करत नेमका कुठल्या कमिटने घोळ घातला ते शोधायचं. हजार कमिट असतील तर दहा-एक फेऱ्यांत सापडतो. तो नंबर इश्यूमध्ये टाकला की अर्धी लढाई जिंकली. असं सातत्याने करणाऱ्यांना पुढे ट्रायाजचे अधिकार देतात, म्हणजे लेबल लावणं, इश्यू बंद करणं.

"मी यावर काम करू का" असं विचारून वाट बघत बसू नका, तिथे तशी पद्धत नाही. इश्यूला आधीच एखादी पुल रिक्वेस्ट, म्हणजे केलेला बदल घ्या अशी विनंती, जोडलेली नाही ना ते बघा, नसेल तर कामाला लागा. असेल तर दुसरी उघडू नका, तीच वाचा, तपासा, काय राहिलंय ते लिहा.

दुरुस्तीला बसलात की फोर्क करा (गिटहबवर आपली प्रत), क्लोन करा (ती आपल्या मशीनवर) आणि पायथन स्वतः बिल्ड करा, म्हणजे कोडमधून चालता प्रोग्रॅम बनवा. कॉन्फिगर ही स्क्रिप्ट चालवताना विथ-पायडीबग हा ऑप्शन द्या म्हणजे आतल्या चुका लवकर पकडल्या जातात, मग मेक ही कमांड. मॅकवर बिल्ड झाल्यावर फाइलचं नाव पायथन डॉट ईएक्सई दिसलं तर दचकू नका, तिथे पायथन नावाचा फोल्डर आधीच आहे आणि मॅक फाइलच्या नावात इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत सहसा फरक करत नाही म्हणून तसं ठेवलंय. सी भाषा येत नाही म्हणून मागे फिरू नका, स्टँडर्ड लायब्ररीचा मोठा भाग पायथनमध्येच लिहिलेला आहे आणि बरेच बग तिथेच असतात.

आधी टेस्ट, म्हणजे तो बग तपासणारा छोटा कोड, लिहा, जी आज नापास होते. मग दुरुस्ती करा, ती पास झाली पाहिजे. उलट क्रमाने केलं तर टेस्ट खरंच तो बग पकडते का हे कधीच कळत नाही. मग त्या मॉड्यूलच्या सगळ्या टेस्ट चालवा. बदल कमीत कमी ठेवा, वाटेत दिसलेली दुसरी घाण साफ करायचा मोह होतो, तो आवरा, त्याचा वेगळा इश्यू.

पुल रिक्वेस्टच्या नावात सुरुवातीला जीएच, मग इश्यूचा नंबर. पहिल्या वेळी कॉन्ट्रिब्युटर अॅग्रीमेंटवर सही करायला बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) सांगेल, ऑनलाइनच होते. ब्लर्ब नावाचं टूल आहे, त्याने एक-दोन वाक्यांची न्यूज एंट्री, म्हणजे काय बदललं त्याची नोंद, बनवा, वापरणाऱ्याला कळेल अशी, "अमुक फंक्शन रिकामी यादी दिल्यावर क्रॅश व्हायचं ते दुरुस्त केलं" इतकी सरळ. डॉक्युमेंटेशनमधली टायपो असेल तर इश्यूही लागत नाही आणि न्यूजही नाही.

मग वाट बघायची. हा भाग अवघड आहे. समोरचे बहुतेक जण आपापली नोकरी-घर सांभाळून हे करतात, आपण रात्री महापेहून घरी येऊन जेवण उरकून बसतो तसेच. एक महिना कोणीच काही बोललं नाही तर इश्यूवर नम्रपणे आठवण करा, रोज नको. रिव्ह्यू, म्हणजे कोड तपासून दिलेलं मत, आला आणि त्यात दहा सूचना असल्या तर त्या तुमच्यावर नाहीत, कोडवर आहेत. माझ्या एका बारा ओळींच्या बदलावर एकवीस कमेंट आल्या होत्या, ठाण्याहून ऐरोलीला जाताना ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत उभ्याने वाचल्या आणि खरं सांगतो, त्यातून जे शिकलो ते कुठल्या कोर्समध्ये शिकलो नव्हतो. पटत नसेल तर कारणासकट लिहा, एखादं उदाहरण द्या जिथे त्यांचा मार्ग अडतो. बदल केल्यावर फोर्स पुश (आधीचे कमिट पुसून नवे टाकणं) करू नका, नवा कमिट टाका, नाहीतर रिव्ह्यू करणाऱ्याला काय बदललं ते दिसत नाही. शेवटी सगळे कमिट एकत्र करूनच मर्ज होतं, म्हणजे मूळ कोडात जातं, त्यामुळे इतिहास नीटनेटका ठेवायची चिंता तुमची नाही.

वाद मोठा असेल, भाषेचं वागणंच बदलायचं असेल, तर पेप, म्हणजे बदलाचा सविस्तर लेखी प्रस्ताव, लिहावा लागतो आणि निर्णय स्टिअरिंग कौन्सिलचा. २०१८ पर्यंत शेवटचा शब्द खिदोंचा असायचा, त्यांनी तो अधिकार सोडला, आता पाच जण निवडून येतात.

मर्ज झालं तरी संपत नाही. तुमचा बदल मेन ब्रँचवर जातो, म्हणजे पुढच्या नव्या आवृत्तीत (ती दर ऑक्टोबरला निघते) येईल. पण बग फिक्स असेल तर चालू आवृत्त्यांमध्येही नेतात, त्यासाठी बॅकपोर्टचं लेबल लागतं आणि बॉट आपोआप नवी पुल रिक्वेस्ट उघडतो. ३.१३ पासून प्रत्येक आवृत्तीला दोन वर्षं बग फिक्स मिळतात, पुढची तीन वर्षं फक्त सिक्युरिटीचे. कोड जुना असल्याने बॅकपोर्ट अडला तर तो हाताने करायला पुढे या, मर्ज करणाऱ्याला फार बरं वाटतं. आणि मिस्क फोल्डरमध्ये अॅक्स नावाची फाइल आहे, काम करणाऱ्यांच्या नावांची यादी, त्यात आपलं नाव आडनावाच्या क्रमाने घालायला विसरू नका.

आम्ही चार जण शनिवारी संध्याकाळी कोपरखैरण्याला एकाच्या घरी लॅपटॉप घेऊन बसतो, प्रत्येकाने एक इश्यू निवडायचा आणि दुसऱ्याने तो आपल्या मशीनवर करून बघायचा. आमच्यातल्या एकीकडे जुना विंडोज लॅपटॉप आहे, तिच्यामुळेच दोन बग कन्फर्म झाले जे आमच्या लिनक्सवर दिसतच नव्हते. तुमच्या बिल्डिंगमध्ये, ऑफिसात असे दोन-तीन जण असतील तर एकत्र बसा, फक्त पहिला बिल्ड प्रत्येकाने आदल्या रात्री घरून करून आणा, नाहीतर सगळी संध्याकाळ त्यातच जाते.