फास्ट ड्रॉ: थाळी किती फुटांवर लावायची?

काउबॉय फास्ट ड्रॉ हा अमेरिकेतला नेमबाजीचा खेळ: इशाऱ्याचा दिवा लागला की कमरेचं पिस्तूल झटकन उपसून थाळी टिपायची. यात गोळी मेणाची, लक्ष्य २४ इंच व्यासाची पोलादी थाळी आणि अंतर साधारण १५ ते २१ फूट. क्लबचा पहिलाच सामना असेल तर २१ चा हट्ट नको. २१ फुटांवरची ही थाळी १५ फुटांवरच्या जेमतेम १७ इंची थाळीएवढी दिसते! दिवा लागताच नवखा झपकन पिस्तूल उपसतो आणि बार थाळीच्या कडेवरून जातो. निम्मे बार फुकट जात असतील तर सरळ १५ वर या. हात बसला की फूट-फूट मागे. अंतर टेपनेच मोजा, उभं राहायच्या रेषेपासून थाळीच्या तोंडापर्यंत. पावलांचा हिशोब हमखास भांडण लावतो. मेणाचे कण उलटून येतात, तेव्हा चष्मा बघ्यांनाही हवा.