हप्त्यावर प्लॉट घेताय? मग साठेखत रजिस्टर करून घ्या

दसरा-पाडवा जवळ आला की सोलापुरात होटगी रोड, अक्कलकोट रोड, बाळे, जिकडं बघाल तिकडं बोर्ड, थोडे पैसे भरा बाकी बिनव्याजी हप्त्यानं. टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा, विडी वळणारी बाई, हातगाडीवाला, यांना बँक दारात उभं करत नाही, त्यामुळं घेऊच नका असं मी म्हणणार नाही. पण कसं घ्यायचं ते बघा. साठेखत, म्हणजे ठरलेल्या अटींवर पुढं विकण्याचा लेखी करार, तो रजिस्टर करूनच.

आमच्या मावशीकडं एक पिवळं कार्ड होतं, मागं छापील चौकटी, दर महिन्याला एक सही न् गोल शिक्का. २९ चौकटी भरल्यावर मी सातबारा काढला तर इतर हक्कात पतसंस्थेचा बोजा, म्हणजे त्या जमिनीवर कर्ज. मावशी म्हणते, "अरे नोटरी केलीय की!" इथंच घोळ होतो बघा. नोटरी म्हणजे सही तुमचीच आहे एवढाच पुरावा, जमीन विकणाऱ्याच्याच नावावर राहते, तो उद्या दुसऱ्याला विकायला मोकळा.

म्हणून पैसे द्यायच्या आधी गट नंबर मागा, प्लॉट नंबर सांगून भागत नाही. डिजिटल सही असलेला सातबारा ऑनलाइन १५ रुपयात मिळतो, त्यात नाव, वारस, बोजा बघा, फेरफार म्हणजे नावं कशी बदलत आली त्या नोंदी बघा, वकिलाकडून मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा सर्च करून घ्या. एनए (बिगरशेती) आणि मंजूर लेआउटची कॉपी नसेल तर तो गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडलेला प्लॉट समजा, खरेदीखत रजिस्टर होईल का हे दुय्यम निबंधकाकडं आधीच विचारून या.

आता रेरा, म्हणजे घर-प्लॉट विकणाऱ्यांवर लक्ष ठेवणारा कायदा, महाराष्ट्रात ते काम महारेरा बघतं. ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर महारेराचा नंबर लागतोच, आणि रजिस्टर साठेखत केल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेताच येत नाहीत, २०१६ च्या कायद्याचं कलम १३. सहा लाखाचा प्लॉट असेल तर ६० हजार झाले की थांबायचं, पुढचा हप्ता साठेखत झाल्यावरच. एजंट म्हणेल खर्च वाढतो, सगळे असंच घेतात, त्याचं ऐकू नका. रजिस्टर साठेखत असलं की नंतर तोच प्लॉट घेणाऱ्याला "मला माहीतच नव्हतं" म्हणता येत नाही.

साठेखतात काय लिहून घ्यायचं? एकूण किंमत, हप्त्याची तारीख, रस्ता-गटार-लाइट कोण करणार, बोजा कोण उतरवणार आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटच्या हप्त्यानंतर किती दिवसात खरेदीखत ते. तारीख लिहिली असेल तर कोर्टात जायची मुदत त्या दिवसापासून ३ वर्षं, ती विसरू नका. "हप्ता चुकला तर सगळी रक्कम जप्त" ही ओळ खोडायला लावा, नाही खोडली तरी घाबरू नका, कोर्ट वाजवी नुकसानभरपाईच बघतं, इसार (सुरुवातीचं बयाणा) जाऊ शकतो पण सगळे हप्ते आपोआप त्याचे होत नाहीत. ताबा साठेखतातच घेतला तर खरेदीखताएवढी स्टॅम्प ड्युटी तेव्हाच लागते, पुढं ती वळती होते.

पैसे चेकनं नाहीतर यूपीआयनं द्या, तेही जमीन ज्याच्या नावावर आहे त्याच्याच खात्यात. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा वर रोख घेणं कायद्यात बसत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड, हे सांगितलं की बरेच जण गुपचूप खाते नंबर देतात.

फसलाच तर महारेराकडं व्याजासकट परतावा मागता येतो. विकसित लेआउटचा प्लॉट असेल तर जिल्हा ग्राहक आयोग पण आहे, ५ लाखापर्यंत भरले असतील तर फी नाही, तक्रार २ वर्षांच्या आत. आणि एक गोष्ट फार कमी जणांना माहितीये, विकणाऱ्यानं खरेदी द्यायला नकार दिला तर तुम्ही भरलेल्या पैशाचा बोजा कायद्यानंच त्या जमिनीवर बसतो, वकिलाला संपत्ती हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ बघायला सांगा.

मावशीचं कार्ड वकिलानं उलटंपालटं करून बघितलं न् पहिलाच प्रश्न विचारला, "हा शिक्का नेमका कुणाचा?" भिंगातून बघितलं, शिक्क्यावर नुसतं "साइट ऑफिस" लिहिलेलं.